पाच द्रव्यांचे पेय

इंग्रजी रीतीच्या मेजवानीत दिवाणखान्याच्या मध्यभागी काचेचे किंवा चिनी मातीचे एक मोठे पात्र मांडलेले असते. त्यात लिंबू-संत्र्याचा रस, साखर, पाणी व काही सुवासिक द्रव्ये यांचे मिश्रण असते. लांब दांड्याची एक पळी त्यात सोडलेली असते आणि पाहुणे येतील तसतसे यजमान तिने पेले भरून त्यांच्या हाती देतो. या पेयास ‘पंच’ म्हणतात. जुन्या काळी त्यात मद्य असे. अमेरिकेत त्याचा एक निर्मद्य अवतार विसाव्या शतकाच्या मध्यापासून लग्नसमारंभांत, वाढदिवसांना व चर्चच्या सभागृहांतून विशेष लोकप्रिय झाला. तेथे ‘शर्बत’ याच नावाने फळांच्या रसाचा, किंचित दूध घातलेला, आइस्क्रीमसारखा गोठवलेला पदार्थ मिळतो. लिंबाच्या किंवा संत्र्याच्या शर्बताचे गोळे पात्रात सोडावयाचे आणि त्यांवर आल्याचा अथवा लिंबाचा सोडा ओतावयाचा, एवढीच त्याची कृती. गोळे बर्फाचे काम करतात, हळूहळू वितळून रसाचेही काम करतात, आणि वर जो दाट फेस चढतो तो पाहून मुले पात्राभोवती गर्दी करतात.

या पेयाच्या नावात व घटकांत तीन निरनिराळ्या कुळांच्या गोष्टी एकत्र आल्या आहेत : पंच, शर्बत आणि फसफसणारे पाणी. पैकी पहिल्या शब्दाविषयी आपल्याकडे फार जिव्हाळा आहे. ‘पंच’ म्हणजे आपलेच ‘पाच’, पाच द्रव्यांचे म्हणून पंच, असे आपण लहानपणापासून ऐकत आलो. पंचामृत, पंचगव्य, पंचारती, पंचपाळे, पंचांग अशा पाचांच्या परंपरेत वाढलेल्या मनाला साहेबाच्या मेजवानीत आपला आकडा सापडला की संतोष वाटावा, हे स्वाभाविकच आहे. परंतु संतोषाने इतिहास सिद्ध होत नाही. म्हणून प्रथम पुरावा काय आहे ते पाहू.

हा शब्द इंग्रजी लेखनात सापडतो तो प्रथम हिंदुस्थानातच, ही गोष्ट निर्विवाद आहे. १६३२ साली ईस्ट इंडिया कंपनीच्या एका नोकराने कोरोमंडल किनाऱ्यावरील पेटापोली, म्हणजे आजचे निझामपट्टणम, येथील वखारीतल्या आपल्या सहकाऱ्यास पत्र लिहिले, त्यात पंच पिण्याचा उल्लेख आहे. उल्लेख अगदी सहज आहे. हे पंच म्हणजे काय, याचे स्पष्टीकरण देण्याची लेखकास गरज भासलेली नाही. याचा अर्थ १६३२ पूर्वीच हा शब्द वखारीतल्या मंडळींच्या तोंडी रुळला होता.

पुढे सहा वर्षांनी, १६३८ साली, मांडेल्स्लो नावाचा जर्मन प्रवासी सुरतेस आला. तेथील इंग्रज व्यापारी जमून जे पेय घेत त्याचे नाव त्याने ‘पाले-पुंट्स’ असे काहीसे टिपून ठेवले, आणि घटक सांगितले ते असे : मद्य, गुलाबपाणी, लिंबाचा रस व साखर. वाचकांनी मोजून पाहावे. हे चार होतात. फ्रेंच वैद्य बर्निए हा औरंगजेबाच्या कारकीर्दीत हिंदुस्थानात होता. बंगालमधील इंग्रज व डच लोक ‘बूल-पोंज’ नावाचे पेय पितात असे तो लिहितो. त्यात काळ्या साखरेची दारू, लिंबाचा रस, पाणी आणि वर किसलेले थोडे जायफळ. पुन्हा चारच. हे पेय जिभेला गोड लागते पण प्रकृतीचा नाश करते, असा इशाराही त्याने वैद्य या नात्याने देऊन ठेवला आहे. ‘पाले-पुंट्स’ काय आणि ‘बूल-पोंज’ काय, दोन्ही ‘बोल ऑफ पंच’, म्हणजे ‘पंचाचे पात्र’, या इंग्रजी शब्दप्रयोगाचे परक्या कानांनी केलेले अपभ्रंश असावेत, असे विद्वानांचे मत आहे आणि ते पटण्यासारखे आहे. परकीयांनी हे नाव ऐकले तेच मुळी पात्रासकट ऐकले. ही गोष्ट आपण लक्षात ठेवू, कारण पुढे तिचा उपयोग होणार आहे.

मग पाच आले कोठून? ते आणले जॉन फ्रायर याने. कंपनीचा हा वैद्य १६७३ च्या सुमारास इकडे आला आणि पश्चिम किनाऱ्यावर पुष्कळ हिंडला. रायगडावर १६७४ साली शिवछत्रपतींच्या राज्याभिषेकास जी इंग्रज वकिलात गेली तिचा वृत्तान्त ज्याच्या ग्रंथात आला आहे, तोच हा फ्रायर. ‘नेपा द गोवा’ नावाची उत्तम अरक नेरूल येथे होते, तिच्यापासून या किनाऱ्यावरील इंग्रज शरीर गलितगात्र करणारे ‘पाँच’ नावाचे पेय बनवतात, आणि हिंदुस्थानी भाषेत त्या शब्दाचा अर्थ पाच, कारण घटक पाच, असे त्याने नमूद केले. त्याचा ग्रंथ छापला गेला १६९८ साली. आज कोशांतून जी व्युत्पत्ती दिली जाते तिचा उगम या एका वाक्यात आहे. गोमंतकीय वाचकांस एवढे समाधान खचितच घेता येईल की, व्युत्पत्ती खरी असो वा नसो, ती जेथे नोंदली गेली त्या वाक्यात गोव्याचे नाव आहे.

शंका मात्र राहतातच. फ्रायरच्या आधीच्या साक्षीदारांना घटक चारच दिसले. सतराव्या शतकातील इंग्रजांच्या तोंडी या शब्दातील स्वर ‘उ’कडे झुकणारा होता, तो आपल्या ‘पंच’च्या अकाराशी नीट जुळत नाही. शिवाय जहाजांवर मद्य साठविण्याच्या मोठ्या पिंपास इंग्रजीत ‘पंचन’ म्हणत. त्याचेच हे संक्षिप्त रूप असणे अशक्य नाही. खलाशांच्या पेयाला खलाशांच्या पिंपाचे नाव पडावे, यात अस्वाभाविक काय आहे? उलट, हा शब्द प्रथम हिंदुस्थानात उमटतो आणि येथे वावरलेला सुशिक्षित वैद्य त्याचा अर्थ ‘पाच’ असा सांगतो, हेही सहज बाजूला सारता येत नाही. माझ्या मते या प्रश्नाचा निकाल खुला ठेवणे हेच प्रामाणिकपणाचे आहे.

आणि खरे सांगायचे तर आपल्याला या एका शब्दासाठी हट्ट धरण्याचे कारणही नाही. पंचाच्या पात्रात जे पदार्थ पडतात त्यांच्याकडे पाहावे. इंग्रजी ‘शुगर’ ही संस्कृत ‘शर्करा’ होय. फारसी व अरबी भाषांतून प्रवास करीत ती युरोपात पोचली. ‘ऑरेंज’ हे ‘नारंग’ होय. तेही त्याच वाटेने गेले आणि वाटेत आद्य ‘न’ गमावून बसले. याविषयी कोणाही पंडितास शंका नाही. पात्रावरची पाटी कोणाची हा वाद चालू राहो. पात्रात गोडी आणणाऱ्या वस्तूचे नाव आपले आहे. ‘शर्बत’ हा शब्द मात्र आपला नव्हे, तो अरबांचा. पिणे या अर्थाच्या अरबी धातूपासून तो झाला. तुर्क व फारसी लोकांच्या तोंडून तो एकीकडे इंग्रजीत गेला आणि दुसरीकडे आपल्याकडे येऊन ‘सरबत’ झाला. इंग्लंडात पुढे एकोणिसाव्या शतकात या नावाने साखर, खाण्याचा सोडा व टार्टारिक आम्ल यांची पूड विकली जाऊ लागली. ती जिभेवर टाकली की फसफसते. अमेरिकेत त्याच नावाने गोठवलेला पदार्थ आला. एकच शब्द तीन देशांत पातळ, कोरडा आणि घट्ट अशी तीन रूपे घेऊन बसला आहे.

शब्द बाहेरचा म्हणून वस्तूही बाहेरची असे समजण्याचे कारण नाही. सरबत हे नाव येण्यापूर्वी आपल्याकडे ‘पानक’ होते. सुश्रुतसंहितेत पानकांचे गुणधर्म आले आहेत. कल्याणीच्या चालुक्यांपैकी तिसरा सोमेश्वर, ज्याची राजधानी आजच्या बिदर जिल्ह्यातील बसवकल्याण येथे होती, त्याने बाराव्या शतकात रचलेल्या ‘मानसोल्लास’ या विश्वकोशवजा ग्रंथात राजाच्या भोगांमध्ये पेय पदार्थांचा स्वतंत्र विचार केला आहे. परंतु आपल्या विषयास सर्वांत जवळचा पुरावा सोळाव्या शतकातील भावमिश्राच्या ‘भावप्रकाशा’त सापडतो. त्याने आंब्याचे, चिंचेचे, धन्याचे अशी पानके सांगितली आहेत, आणि लिंबाच्या पानकाचे तर प्रमाण बांधून दिले आहे. लिंबाचा रस एक भाग, साखरेचे पाणी सहा भाग, आणि त्यात लवंग व मिरी.

आता मोजा. लिंबू, साखर, पाणी, लवंग, मिरी. पाच.

हे सांगताना मी भावमिश्राला पंचाचा जनक ठरवीत नाही. तसा कोणताही दुवा उपलब्ध नाही. मात्र कंपनीचे नोकर सुरतेस उतरले तेव्हा आंबट, गोड, पाणी आणि मसाला यांचे मापशीर मिश्रण या देशाला नवे नव्हते, एवढे यावरून निश्चित म्हणता येते. इंग्रजांनी त्यात भर घातली ती अरकेची. त्यांची गरजही समजण्यासारखी आहे. मायदेशाची बिअर व द्राक्षाचे मद्य उष्ण कटिबंधाच्या समुद्रप्रवासात बिघडत असे, आणि येथली माडाची अरक कडक व स्वस्त होती. ती तशीच घशाखाली उतरेना, म्हणून स्थानिक पानकात मिसळली गेली असावी, असा माझा तर्क आहे. गोव्यात चैत्र-वैशाखात काजूची उर्राक निघते (हे नावही ‘अरक’चेच भावंड), आणि हल्ली तीत बाटलीतला लिंबाचा सोडा, लिंबू, मीठ आणि चिरलेली हिरवी मिरची घालून पिणारे पुष्कळ आहेत. फ्रायर आज असता तर त्याने पुन्हा एकदा पाच मोजले असते. असो, हे लिहिताना त्या पेयाची शिफारस करण्याचा हेतू नाही.

लिंबाचा रस आणि फसफसते पाणी यांची गाठ पडली ती याहून सुमारे शंभर वर्षांनी, आणि तीही मौजेखातर नव्हे, औषध म्हणून. लांबच्या सफरीत खलाशांच्या हिरड्या सडत, जुन्या जखमा उकलत आणि माणसे मरत. या रोगावर संत्री व लिंबे गुणकारी ठरतात हे जेम्स लिंड या नौदलाच्या वैद्याने १७४७ साली रोग्यांच्या जोड्या करून पडताळून पाहिले. तरी ब्रिटिश नौदलाने लिंबाचा रस सर्रास देण्यास सुरुवात केली ती १७९५ मध्ये. दरम्यान १७६७ साली जोसेफ प्रीस्टली हा धर्मोपदेशक लीड्स गावी राहावयास आला. त्याच्या घराला लागून बिअरची भट्टी होती. आंबणाऱ्या बिअरवर जो जड वायू तरंगतो, ज्याला आज आपण कार्बन डायऑक्साइड म्हणतो, त्यात त्याने दोन पात्रे धरून पाणी एकातून दुसऱ्यात ओतले आणि ते पाणी चुरचुरीत झाले. १७७२ साली त्याने ही कृती पुस्तिकेच्या रूपाने प्रसिद्ध केली. खलाशांच्या रोगावर हे पाणी उपयोगी पडेल अशी त्याची आशा होती. ती खोटी ठरली, रोग बरा करणारे ते लिंबूच. प्रीस्टलीने या शोधातून पैसा मिळविला नाही. तो मिळविला जिनिव्हाच्या श्वेप याने. त्याने १७८३ पासून असे पाणी कारखान्यात बनविण्यास आरंभ केला आणि १७९२ मध्ये लंडनला दुकान थाटले.

हिंदुस्थानात या पाण्याला घरोघरी पोचविले ते एका बाटलीने. इंग्लंडातील हायरम कॉड याने १८७२ साली ती पूर्णत्वास नेली. बाटलीच्या गळ्यात काचेची गोटी आणि तोंडाशी रबराचे कडे. भरताना बाटली उलटी धरावयाची म्हणजे गोटी गळ्याशी येते. आतल्या वायूचा दाब तीच गोटी कड्यावर घट्ट दाबून धरतो, वेगळे बूच लागत नाही. उघडताना अंगठ्याने गोटी आत ढकलली की फट् असा आवाज. युरोपातून ही बाटली बहुतांशी नाहीशी झाली, आपल्याकडे मात्र ‘गोटी सोडा’ म्हणून जत्रेत, रेल्वे फलाटावर व बाजारपेठेत ती दीर्घकाळ टिकली, आणि अजूनही क्वचित आढळते. बर्फ त्याआधी आला होता. १८३३ साली बॉस्टनच्या ट्यूडर या व्यापाऱ्याने गोठलेल्या तळ्यांतून कापलेला बर्फ भुश्शात बांधून जहाजाने कलकत्त्यास पाठविला, आणि पुढे तो मुंबईसही येऊ लागला.

येथे एक प्रश्न उभा राहिला, जो लंडनला किंवा जिनिव्हाला कधीच उभा राहिला नव्हता. हे पाणी कोणाच्या हातचे? विहिरीचे पाणी कोणी शेंदले हे दिसते, बाटलीतले पाणी कोणी भरले हे दिसत नाही. बर्फ तर परदेशच्या तळ्यातला. कर्मठ घरांनी दोन्ही वर्ज्य मानले. पेयाचा प्रश्न केवढे रूप घेऊ शकतो हे पुण्याने १८९० च्या ऑक्टोबरात पाहिले. पंचहौद मिशनमध्ये व्याख्यानास गेलेल्या प्रतिष्ठित मंडळींपुढे चहा-बिस्किटे ठेवण्यात आली. कोणी घेतली, कोणी नुसता हात लावला. गोपाळराव जोशी यांनी उपस्थितांची यादी छापवून आणली. त्या यादीत न्यायमूर्ती रानडे होते आणि लोकमान्य टिळकही होते. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले, ग्रामण्य झाले, शास्त्री नेमले गेले, आणि रानड्यांनी अखेरीस प्रायश्चित्त घेतले तेव्हा त्यांच्या सुधारक अनुयायांना त्याचा मोठा धक्का बसला. एक पेला चहाने पुण्याची दोन तट पडण्यापर्यंत मजल गेली. जागेच्या नावातही पाचच आहेत : पंचहौद.

परंतु रानडे-टिळकांवर आलेला प्रसंग हा ज्यांना बहिष्काराची भीती होती अशा, समाजाच्या आतल्या माणसांचा प्रसंग होता. ज्यांना पंक्तीत कधी बसूच दिले नव्हते त्यांची गोष्ट निराळी आहे, आणि पंचाच्या पात्राजवळ उभे राहून विचार केला तर तीच अधिक बोचते. पंच आणि देवळातले पानक यांत एक मोठे साम्य आहे. दोन्ही एका भांड्यातून सर्वांना वाटली जातात. रामनवमीस गोमंतक-कर्नाटकाच्या पट्ट्यात गूळ, लिंबू, सुंठ, मिरी व वेलची यांचे पानक होते. चैत्रगौरीच्या हळदीकुंकवास मराठी कुटुंबे, मग ती इंदूर-ग्वाल्हेरची असोत की बडोद्याची, आंब्याच्या डाळीबरोबर कैरीचे पन्हे देतात. उन्हाळ्यात पाणपोई घालणे हे पुण्यकर्म मानले आहे. पळीने पेला भरावयाचा, पेला पळीला लागू द्यावयाचा नाही, उष्टे होऊ द्यावयाचे नाही. येथवर इंग्रजांचे पात्र आणि आपले घंगाळ यांत भेद नाही. भेद पुढे आहे. पाणपोईवर काहींना भांडे मिळे आणि काहींच्या ओंजळीत वरून धार धरली जाई. देवळातल्या पानकासाठी काही लोक सभामंडपात उभे असत आणि काही आवाराबाहेर. भांडे एक होते. त्याच्यापर्यंत पोचण्याच्या वाटा एक नव्हत्या.

१९२७ साली २० मार्च रोजी महाड येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकर चवदार तळ्याची पायरी उतरले आणि त्यांनी व त्यांच्याबरोबर आलेल्या सहस्रावधी लोकांनी त्या तळ्याचे पाणी ओंजळीने घेतले. नगरपालिकेने ते तळे कागदोपत्री सर्वांस खुले केलेलेच होते. त्यानंतर सनातनी मंडळींनी तळे शुद्ध करून घेतले ते कशाने? पंचगव्याने. गाईचे दूध, दही, तूप, गोमूत्र व शेण या पाच द्रव्यांच्या घागरी त्या पाण्यात रिकाम्या करण्यात आल्या. दावा न्यायालयात गेला, आणि १९३७ च्या मार्च महिन्यात मुंबईच्या उच्च न्यायालयाने तळे अस्पृश्य मानल्या गेलेल्यांनाही खुले असल्याचा निर्णय दिला. म्हणजे माणसाने पाणी पिण्याचा हक्क सिद्ध व्हावयास दहा वर्षे लागली. पाच द्रव्यांच्या पेयाचा इतिहास लिहिताना त्या पाच द्रव्यांना वगळून पुढे जाणे मला जमत नाही. फ्रायरने मोजलेले पाच आपले की परक्यांचे, याबद्दल आपण एकमेकांशी कितीही आवेशाने बोलू शकतो. महाडचे पाच मात्र निःसंशय आपलेच होते.

पंचातली अरक गळून पडली तो इतिहास त्या मानाने सरळ आहे. एकोणिसाव्या शतकात इंग्लंड-अमेरिकेतील ख्रिस्ती मंडळ्यांमध्ये मद्यपानविरोधी चळवळ पसरली, आणि अमेरिकेत तर १९२० पासून १९३३ पर्यंत दारूबंदीच होती. समारंभ थांबले नाहीत, पात्रे कपाटात गेली नाहीत. मद्याच्या जागी आल्याचा सोडा आला. मद्याने जी झणझणी येत असे ती आता आले आणि वायूचे बुडबुडे मिळून देऊ लागले. दुसऱ्या महायुद्धानंतर शीतकपाटे घरोघर झाली आणि गोठवलेले शर्बत हाताशी आले. तेव्हा या लेखाच्या आरंभी वर्णिलेले फेसाळ पेय सिद्ध झाले. आपल्याकडेही मुंबई राज्याने १९४९ साली दारूबंदीचा कायदा केला. बेळगाव १९५६ पर्यंत त्याच राज्यात होते आणि सीमेपलीकडे गोवा १९६१ पर्यंत पोर्तुगीजांच्या अमलाखाली. चोर्ल्याच्या घाटाच्या एका बाजूला सरबत आणि दुसऱ्या बाजूला फेणी अशी त्या काळची व्यवस्था होती, निदान कायद्याच्या पुस्तकात.

हे सर्व वाचून एखाद्या उत्सव समितीस भावमिश्राचे पानक फसफसते करून पाहण्याची इच्छा झाली, तर त्याचे प्रमाण मोडण्याची गरज पडत नाही. एक भाग रसाला सहा भाग साखरपाणी हेच धरावे. फक्त त्या सहांपैकी चार भाग पाणी सोड्याचे असावे. पंचेचाळीस पेल्यांसाठी सात लिटर पुरेसे होते. एक किलो साखर सुमारे दीड लिटर पाण्यात विरघळवून पाक करावयाचा. तो साधारण दोन लिटर भरतो. पाक तापत असतानाच त्यात आठ-दहा लवंगा व चमचाभर भरडलेली मिरी टाकावी आणि निवल्यावर गाळून घ्यावा. पन्नास-साठ कागदी लिंबांचा रस लिटरभर होईल. रस कधीही उकळू नये, त्याला कडवटपणा येतो. रसही गाळलेलाच हवा, आणि त्याचे कारण निव्वळ दिसण्याचे नव्हे. पाण्यात विरघळलेल्या वायूला सुटण्यासाठी खरखरीत आधार लागतो. न विरघळलेला साखरेचा कण किंवा लिंबाचा तंतू मिळाला की तो त्याच्यावर बुडबुडा धरतो आणि निसटतो. साखर घालून सोडा ढवळणारे लोक पाहुणे येण्यापूर्वीच सोडा मारून टाकतात.

थंडावा हे दुसरे पथ्य. शून्य अंशावर पाणी स्वतःच्या आकारमानाच्या जवळजवळ पावणेदोनपट वायू धरून ठेवते, वीस अंशांवर जेमतेम नऊ दशांश. आपल्या चैत्रातल्या उन्हात तर त्याहूनही कमी. म्हणून पाक, रस आणि सोडा हे तिन्ही वेगवेगळे बर्फात गार करून ठेवावे आणि वाटण्याच्या क्षणीच एकत्र आणावे. अमेरिकन पद्धतीने करावयाचे असल्यास पाक व रस यांतला थोडा भाग आदल्या रात्री दूध घालून गोठवावा. मात्र दूध लिंबाने फाटू नये म्हणून रस शेवटी, गार झालेल्या मिश्रणात, थोडा थोडा घालावा. वरचा फेस टिकतो तो या दुधातील प्रथिनांमुळे. बुडबुड्याभोवती त्यांचा पातळ पडदा तयार होतो, नुसत्या साखरपाण्यात तो होत नाही. उपवासाचा दिवस असेल तर दूध गाळून नुसते पानक ठेवले तरी चालते, फेस तेवढा क्षणभंगुर राहतो.

भांडे पितळेचे असल्यास आतून कल्हई ताजी आहे का ते पाहावे, लिंबाच्या आम्लाने उघडे पितळ कळकते. पोलादी किंवा काचेचे भांडे सर्वांत उत्तम. भांडे दाराजवळ, येणाऱ्या-जाणाऱ्याच्या हाताशी मांडावे. प्रथम पाक, मग रस, आणि सर्वांत शेवटी सोडा. तोही भांड्याच्या कडेने, हळूहळू, एका वेळी दहा पेल्यांपुरता.